उभा माणूस

बाबांनी चष्मा पुसला, चित्र हातभर लांब धरले, मग जवळ आणले, मग खिडकीच्या उजेडाकडे थोडे कलते केले. इतका वेळ त्यांनी माझ्या कोणत्याच चित्राला कधी दिला नव्हता, त्यामुळे मी मनातल्या मनात सुखावले होते. चार आठवडे खपून मी ते काढले होते. कोळशाने काळा केलेला मोठा कागद, त्यावर नारिंगी आणि पिवळ्या पेस्टलने उसळवलेल्या ज्वाळा आणि त्या ज्वाळांमधून एक मूल छातीशी धरून ताठ चालत येणारा माणूस. हेल्मेटखालचा चेहरा मी मुद्दाम अंधारात ठेवला होता. तो आजोबांचा वाटावा, बाबांचा वाटावा आणि आता नोकरीत असलेल्या माझ्या धाकट्या भावाचाही वाटावा, अशी माझी इच्छा होती. तीन पिढ्यांना एकाच कोटात उभे करण्याची ही युक्ती सुचल्याबद्दल मी स्वतःवर बरीच खूश होते. बाबांनी चित्र टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हा वाचणार नाही." थोडे थांबून पुढे म्हणाले, "मूलही नाही." आणि रोजच्यासारखे दुपारचे पडायला निघून गेले.

त्यांच्या बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. अग्निशमन दलात आयुष्य काढलेल्या माणसाने घटनास्थळाची पाहणी करून अहवाल द्यावा, तसे ते दोन वाक्यांत मोकळे झाले होते. मला मात्र राग आला. चित्र म्हणजे काही प्रशिक्षणाचा तक्ता नव्हे, कलेला तिचे स्वतःचे सत्य असते, वगैरे वगैरे उत्तरे मी त्या बंद दाराकडे पाहत मनात जुळवली आणि त्यातले एकही धड टिकणारे नाही हे जुळवतानाच लक्षात आले. कारण ते म्हणत होते ते मला ठाऊक होते. अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होते. तापलेला धूर वर चढतो, छताशी साचतो आणि तिथून खाली उतरू लागतो. बंद खोलीत उभ्या माणसाचे डोके जिथे येते, तिथली हवा एका श्वासात फुप्फुसे भाजून काढू शकते आणि त्याच वेळी जमिनीलगत वीतभर उंचीवर श्वास घेण्याजोगी, काहीतरी दिसण्याजोगी जागा उरलेली असते. म्हणून आत शिरणारा माणूस गुडघ्यांवर असतो, कधी पोटावर. आमच्या घरात ही गोष्ट इतर घरांत "रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघ" सांगतात तशी सांगितली जाई. तरीही कोळसा हातात घेतल्यावर माझ्या हाताने माणूस उभाच काढला.

माझ्या हाताला ती ढब कुणी शिकवली, हा प्रश्न मला पुढे कित्येक दिवस सोडेना.

उत्तर शोधायला मी चित्रांकडेच गेले. इंग्रज चित्रकार टर्नरकडे आधी, कारण आग रंगवणाऱ्यांत त्याच्या तोडीचा दुसरा कोण आहे? १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री लंडनचे संसदभवन जळाले, तेव्हा थेम्सच्या काठी जमलेल्या गर्दीत तो होता आणि पुढे त्याने त्या रात्रीची दोन मोठी तैलचित्रे केली. सोने वितळून नदीत ओतले जात आहे असे वाटावे, अशी ती आग आहे. काठावरची माणसे आहेत, पूल आहे, होड्या आहेत. त्या रात्री लंडनचा अग्निशमन प्रमुख जेम्स ब्रेडवुड आपल्या माणसांसह त्या आगीशी झगडत होता. तोच ब्रेडवुड १८६१ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या आगीत भिंत कोसळून तिच्याखाली गेला. टर्नरच्या झगमगाटात मी त्याच्या माणसांना शोधत बसले आणि मला ती दिसली नाहीत. टर्नरला दोष देण्यात अर्थ नाही. आग लांबून पाहणाऱ्याला आगच दिसते, कारण ती स्वतःच्या उजेडात स्वतःला दाखवते. पण माझ्याही कागदाचा दोन तृतीयांश भाग ज्वाळांनी खाल्ला होता आणि ज्याच्यासाठी चित्र काढायला बसले होते, तो माणूस त्या सगळ्यात एखाद्या देखाव्याच्या मधोमध लावलेल्या पुठ्ठ्याच्या आकृतीसारखा उभा होता. ज्याने जन्मभर जे विझवले, त्याच गोष्टीने मी त्याची शोभा वाढवायला निघाले होते, हे मला पहिल्यांदा तेव्हा खटकले.

जॉन एव्हरेट मिले या इंग्रज चित्रकाराचे चित्र मात्र वेगळे आहे. १८५५ मध्ये त्याने अग्निशामकाला मोठ्या चित्राचा नायक केले. सैनिकांची आणि राजांची चित्रे ढिगाने निघत असलेल्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. ते चित्र आता मेलबर्नच्या संग्रहालयात आहे. जिन्यावरून उतरणारा एक माणूस, त्याच्या अंगावर तीन मुले, खाली गुडघे टेकून हात पसरलेली त्यांची आई. त्यात ज्वाळा नाहीत. आगीचा तांबूस उजेड तेवढा मुलांच्या रात्रीच्या कपड्यांवर आणि आईच्या हातांवर पडला आहे. आग स्वतः चौकटीच्या बाहेर कुठेतरी आहे. मी ते चित्र मोठे करून बाबांना दाखवले, अर्थात थोड्या कुरघोडीच्या भावनेने, कारण हाही माणूस उभाच होता. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "जिना टिकला म्हणून." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "पण मुलं बरोबर धरली आहेत. अशीच कशीही धरावी लागतात." ती मुले खरोखरच सामान उचलल्यासारखी, जशी हाताला लागली तशी उचललेली आहेत. माझ्या चित्रातले मूल छातीशी कुशीत होते, झोपलेल्या बाळासारखे. मिलेने कधी जळत्या घरात पाऊल टाकले असेल असे मला वाटत नाही, पण त्याने निदान एवढा विचार केला होता की तीन मुले आणि दोन हात यांचे गणित कसे बसते.

आमच्या घरातली आग कधीच ज्वाळांची नव्हती. ती वासाची होती. 'वर्दी' या शब्दाचा हिंदीतला अर्थ गणवेश आहे हे मला बऱ्याच उशिरा कळले. आमच्याकडे वर्दी म्हणजे आगीची खबर, आणि "मोठी वर्दी होती" या तीन शब्दांत बाबांची रात्र संपत असे. ते सकाळी घरी येत तेव्हा आंघोळ करून, कपडे बदलून येत, तरी मानेच्या मागे, कानांच्या पाळीमागे आणि केसांत काहीतरी उरलेले असे. ओल्या राखेचा, विझलेल्या लाकडाचा आणि त्याच्याखाली जळक्या प्लास्टिकचा किंचित गोडसर, घशात बसणारा वास. मी त्यांच्या मानेत तोंड खुपसून तो घेत असे आणि त्या वासाने मला सुरक्षित वाटे, कारण तो आला म्हणजे बाबा आले. आजोबांच्या अंगाला हा वास येत नसे, कारण माझ्या आठवणीतले आजोबा निवृत्तच होते. त्यांच्याकडून मिळाली ती होजची, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या नळीची, गोष्ट. त्यांच्या काळातल्या कापडी होज भिजल्या की उंच मनोऱ्यात टांगून वाळवाव्या लागत, नाहीतर त्या कुजत. आगीच्या दुसऱ्या दिवशी त्या मनोऱ्याखाली उभे राहिले की वरून थेंब पडत राहत, असे ते सांगत. एवढ्या आगी पाहिलेल्या माणसाला आठवत होते ते टपटपणारे पाणी! मी एकदा त्यांना विचारले होते की सर्वांत मोठी आग कोणती, आणि त्यांनी विचार करून एका जळालेल्या घरातल्या नळाबद्दल सांगितले. भिंती काळ्या, छत गेलेले, आणि स्वयंपाकघरात तो नळ काही झालेच नसल्यासारखा गळत होता. त्यांनी जाता जाता तो बंद केला. गोष्ट संपली. लहानपणी माझी निराशा झाली होती.

त्या वासाविषयी मला आज जे ठाऊक आहे, ते तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामातून होणारा संपर्क कर्करोगकारक ठरवला आणि त्याला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस जिथे आहेत त्याच गटात ठेवले. काजळी कपड्यांत मुरते, त्वचेवर बसते, मानेसारख्या उघड्या आणि पातळ कातडीतून आत जाते. म्हणजे ज्या जागी मी नाक खुपसत होते, नेमकी तीच जागा. बाबांच्या पिढीत काळवंडलेले हेल्मेट ही मिरवण्याची गोष्ट होती. नवे कोरे हेल्मेट घातलेल्या पोराला जुने लोक हसत. माझ्या भावाच्या पिढीत आगीनंतर कोट तिथेच धुतला जातो आणि तो घरी न्यायचा नाही, हा नियम आहे. चित्राचा दुसरा आराखडा करताना मला वाटले होते की बाबांचा जुना कोट चौकटीत ताणून लावावा, काजळीसकट, आणि त्याच्यावर दुसरे काही करूच नये. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तो कोट अजून घरात आहे?" त्याच्या आवाजात आदर नव्हता, काळजी होती. कोट मग दोन पिशव्यांत गुंडाळून गेला. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत. मला मात्र अजून कळत नाही की जो वास मला सर्वांत प्रिय आहे, त्याच्याशी मी आता कसे वागावे. तो आठवला की आधी तेच जुने सुरक्षित वाटणे येते आणि ते पुरते यायच्या आत दुसरे काहीतरी त्याला धरून मागे ओढते.

कोटानंतर होज. सेवेतून बाद झालेल्या होजचा एक तुकडा बाबांच्या पेटीत होता, त्याच्या पट्ट्या कापून विणून काही करता येईल असे वाटले आणि काम सुरू करण्याआधी कुणी असे काही केले आहे का, ते पाहायला गेले. शिकागोचा कलावंत थिएस्टर गेट्स याने अगदी हेच केलेले आहे: बाद झालेल्या होजच्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून भिंतभर पसरलेली, विणलेल्या पडद्यासारखी दिसणारी कामे. ती पाहताना मी हरखून गेले आणि मग त्यामागचे कारण वाचले. मे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या कृष्णवर्णीय माणसांवर आणि शाळकरी मुलांवर होजचे झोत सोडण्यात आले होते. अंगावरचे कपडे फाटावेत, माणूस भिंतीवर आपटावा इतक्या दाबाने. गेट्सची होज त्या दिवसांची आठवण धरून आहे. झोतात किती जोर असतो, हे मला ऐकून माहीत होते. ६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर होजमध्ये सत्तेचाळीस लिटरच्या आसपास पाणी मावते, म्हणजे नुसते पाण्याचेच वजन सत्तेचाळीस किलो. आणि ब्रँचमधून, म्हणजे होजच्या टोकाच्या तोटीतून, ते सुटते तेव्हा उलट धक्का असा बसतो की नवख्या माणसाच्या हातून ब्रँच निसटून सापासारखी फडफडू लागते. ही सगळी माहिती मी लहानपणापासून अभिमानाने ऐकत आले होते. त्या ब्रँचमागे उभे असलेले लोकही कुणाचे तरी बाबा होते आणि त्यांच्याही घरी मुली असतील, असा विचार मनात आला आणि माझी कात्री बाजूला राहिली. बाबांना सांगितले तर ते एवढेच म्हणाले की पाण्याला दिशा माणूस देतो. ते वाक्य मला जरा जास्तच घडीव वाटले. पण त्यानंतर तो तुकडा त्यांनी पुन्हा पेटीत ठेवला नाही, खुर्चीच्या पाठीवर तसाच टाकून दिला, आणि तो आठवडाभर तिथेच होता.

कोळशाकडे मी परत आले ती हार मानूनच. पण रंगांची पेटी उघडून बसले असताना एक गंमत लक्षात आली. कोळसा म्हणजे हवा न मिळता जळलेली काडी. दिव्याची काळी, जिला दुकानात लॅम्प ब्लॅक म्हणतात, ती ज्योतीवरून गोळा केलेली काजळी. हाडांची काळी म्हणजे जाळलेली हाडे. बर्न्ट सिएना तर नावातच भाजलेली: पिवळी माती तापवली की तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. म्हणजे माझ्या पेटीतला निम्मा ऐवज आगीतून आलेला होता. त्याहून मला विचारात पाडणारी गोष्ट ज्वाळेच्या पिवळ्या रंगाची. मेणबत्तीची असो की घराची, ज्वाळेचा तो पिवळा रंग तापून झळकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. कण थंड झाले की तेच काळे. ज्वाळा आणि काजळी एकच वस्तू आहे, फक्त वेगवेगळ्या घटकेला पाहिलेली. मग नारिंगी पेस्टल कशाला हवे? माझ्या हातातली काळी काडी हीच पुरेशी आग होती, आणि तीही विझलेली, म्हणजे आमच्या घरात येत होती त्याच अवस्थेतली. मी पहिल्या चित्रावरून रबर फिरवून नारिंगी खरवडायला घेतले. पेस्टल पूर्ण निघत नाही. कागदाच्या रंध्रांत बसलेला थोडा रंग अजून तिथे आहे, विझवल्यावर धुमसत राहणाऱ्या जागेसारखा.

याच दिवसांत मला हिरोशिगे भेटला. म्हणजे त्याची चित्रे पूर्वीपासून ओळखीची होती, त्याचे घर नव्हते. जपानच्या या थोर चित्रकाराचे वडील एडो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, अग्निरक्षक होते आणि १८०९ मध्ये, बारा-तेरा वर्षांचा असताना, ते पद त्याच्याकडे वारशाने आले. कित्येक वर्षे तो नोकरी सांभाळून चित्रे काढत होता. आणि आगीच्या घरातला हा मुलगा जगभर ओळखला गेला तो पावसासाठी! पुलावर अचानक कोसळणारी सर, छत्र्यांखाली वाकून धावणारी माणसे, रेघांसारखा सरळ उतरणारा पाऊस. याचा अर्थ लावू नये हे मला समजते. तरी आजोबांच्या मनोऱ्यातले थेंब आणि तो गळणारा नळ मला त्या पावसाशेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. त्याच एडोतल्या अग्निशामकांचे कोट मी छायाचित्रांत पाहिले. सुती कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून दाट टाके घालून शिवलेले जाड कोट, आगीकडे जाताना पाण्यात भिजवून घातलेले. बाहेरून ते साधे, गडद. आतल्या अस्तरावर मात्र पाण्यातले ड्रॅगन, कथांमधले वीर, लाटा, सगळे रंगीत आणि भरगच्च. आगीत जाताना साधी बाजू बाहेर आणि चित्र आत, ओल्या कापडाखाली, छातीला आणि पाठीला चिकटलेले. आग विझली की कोट उलटा करून चित्र बाहेर काढत. कुणी तरी ते काढले असणार, कुणी तरी टाके घातले असणार, आणि ऐन कामाच्या वेळी ते कुणालाच दिसणार नाही हे त्यांना ठाऊक असणार. बघणाऱ्यांसाठी काढलेले चित्र आणि घालणाऱ्यासाठी काढलेले चित्र यांत किती अंतर आहे, हे त्या अस्तरांनी मला दाखवले. माझे चित्र कुणासाठी होते? खरे सांगायचे तर भिंतीसाठी, पाहुण्यांसाठी, आणि थोडेसे माझ्यासाठी.

घरातल्याच माणसाचा पुतळा करण्याचे धाडस लंडनच्या जॉन मिल्स या शिल्पकाराने केले. सेंट पॉल कॅथेड्रलजवळ तीन अग्निशामकांचा कांस्यपुतळा आहे, ४ मे १९९१ रोजी त्याचे अनावरण झाले. दोघे होज धरून काम करत आहेत आणि तिसरा, अधिकारी, पाय रोवून हात पसरून मदतीला बोलावतो आहे. तो तिसरा म्हणजे सिरिल डेमार्न, मिल्सचे सासरे, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावाच्या काळात लंडनमध्ये आगींशी लढलेले. मिल्सने नाव कोरले नाही. पायाशी पडलेल्या ढिगाऱ्यात त्यांची आद्याक्षरे तेवढी दडवून ठेवली. मला हा जावई फार आवडला. त्याला त्याचे ऋण फेडायचे होते आणि लपवायचेही होते, हे मला समजू शकते. त्याच बॉम्बवर्षावात लेनर्ड रोझोमन नावाचा चित्रकार स्वतः अग्निशामक म्हणून काम करत होता. १९४० मध्ये एका अरुंद गल्लीत होज धरून उभा असताना त्याच्या जागी दुसरा माणूस आला, तो बाजूला झाला, आणि भिंत कोसळली. त्याने ती भिंत पडतानाचा क्षण रंगवला. खाली दोन माणसे, अजून होज धरून, आणि त्यांच्या डोक्यावर झुकलेली, जणू हवेत थबकलेली ती भिंत. त्या चित्रात माणसे उभी आहेत, पण तिथे उभे असणे म्हणजे काय, हे काढणाऱ्याला माहीत आहे. मी ते बाबांना दाखवले नाही. त्यांनी नाव न घेता सांगितलेल्या एका भिंतीची गोष्ट मला अर्धीच माहीत आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग चित्राच्या निमित्ताने काढून घेणे मला बरे वाटले नाही.

मधल्या काळात आणखी तीन-चार कागद फुकट गेले. त्यांतल्या एकाविषयी थोडे सांगते, बाकीचे सांगण्याजोगे नाहीत. भावाने एकदा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रफीत दाखवली होती, हल्ली धुरात तो घेऊन जातात. पडद्यावर सगळे करडे असते. जे गरम ते पांढरे, जे गार ते काळे. दाराच्या मुठी, भिंतीतल्या तारा, आणि सरपटणाऱ्या सोबत्याची पुसट आकृती, कोळशाने काढून बोटाने फिरवल्यासारखी. मी आनंदून तसाच एक कागद केला. भाऊ म्हणाला छान आहे. बाबा म्हणाले, "हे यंत्राला दिसतं. आम्हाला कुठे काय दिसायचं?"

"मग तुम्हाला काय दिसायचं?" मी विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते.

त्यांनी उत्तर दिले नाही. चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि उठून खोलीच्या दाराशी गेले. उजव्या तळहाताची मागची बाजू त्यांनी दाराला टेकवली, तळहात नव्हे. मग वाकले, एक गुडघा टेकला, दुसरा टेकायला वेळ लागला, कारण तो गुडघा आता त्यांचे ऐकत नाही. मी उठू लागले तर म्हणाले, "तू काढ. बस." त्यांनी डोळे मिटून घेतले. डावा हात भिंतीला लावला. "भिंत सोडायची नाही. भिंत सुटली की बाहेरचा रस्ता सुटला." आणि ते निघाले. डावा हात भिंतीवर सरकत होता, उजवा हात पुढे अर्धवर्तुळात जमीन चाचपत होता, मग उजवा पाय मागे लांब पसरून खोलीच्या मध्याकडे काही लागते का ते पाहत होता, आणि मग शरीर वीतभर पुढे. पुन्हा हात, पुन्हा पाय, पुन्हा वीतभर. त्या खोलीत मी अनेक वर्षे राहिले आहे, पण तिचा आकार मी तेव्हा प्रथम ऐकला: कपाटाच्या पत्र्यावर नखांचा आवाज, पडद्याची सळसळ, खुर्चीचा पाय, खुर्चीवरून लोंबणारी ती होज, जिला हात लागताच ते क्षणभर थांबले आणि बोटांनी तिची शिवण चाचपून पुढे गेले. पलंगापाशी ते पोटावर झोपले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. "मुलं पळत नाहीत," जमिनीशी गाल टेकवून ते म्हणाले, "लपतात. पलंगाखाली बघायचं, कपाटात बघायचं." आतून त्यांनी माझी एक जुनी चप्पल काढली, ती उचलून पाहिलीही नाही, नुसती दाबून पाहिली आणि बाजूला ठेवली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, मोजून घेतल्यासारखा, सिलेंडरमधल्या हवेचा हिशेब अजून चालू असल्यासारखा. पाठीचा कणा सदऱ्यातून दिसत होता. खोलीत दुपारचे लख्ख ऊन होते आणि त्या उन्हात तो म्हातारा माणूस पुरत्या काळोखातून माझ्याकडे येत होता.

त्यांच्या हाताची मागची बाजू माझ्या घोट्याला लागली. हात थांबला, पालथा झाला, घोटा पकडला, मग पोटरी, मग गुडघा, झरझर वर. "इथे आहे," ते म्हणाले. तो आवाज घरातला नव्हता. तो कुणाला तरी, मागे होज घेऊन येणाऱ्या कुणाला तरी सांगितलेला होता, आणि मी तो याआधी कधीच ऐकला नव्हता.

मग त्यांनी डोळे उघडले, पलंगाच्या कडेला धरून दम खाल्ला आणि विचारले, "काढलंस?"

मांडीवरचा कागद कोरा होता. कोळशाची काडी माझ्या मुठीत मोडून तिचे दोन तुकडे झाले होते आणि हात मनगटापर्यंत काळा. मी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले, आणि चष्म्यासाठी हात पुढे न करता, भिंतीला उजवा हात लावून, गुडघ्यांवरच, पुन्हा दाराकडे निघाले.